बुलेटचा हात, ड्यूकचं इंजिन

भाचा शिकायला परदेशी गेला तेव्हा त्याची केटीएमची ड्यूक ३९० ही मोटरसायकल माझ्या पार्किंगमध्ये लावून गेला. "मामा, आठवड्यातून एकदा तरी फिरव, नाहीतर बॅटरी उतरेल," एवढीच सूचना. माझ्या हातात तेव्हा नऊ वर्षं रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० होती, म्हणजे आपण जिला सरसकट बुलेट म्हणतो ती, त्याआधी स्प्लेंडर. आपल्याला गाडी चालवता येते याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पहिल्याच रविवारी पुण्याच्या चांदणी चौकातून बाहेर पडेपर्यंत ड्यूक दोनदा बंद पडली. पुढे पौडपर्यंत ती असे झटके देत गेली की मागून पाहणाऱ्याला वाटलं असतं, टाकीत पाणी शिरलंय. गाडीत काहीही बिघाड नव्हता. मी ड्यूकवर बसून बुलेट चालवत होतो.

एका जातीच्या इंजिनावर हात बसलेला माणूस दुसऱ्या जातीच्या इंजिनावर बसतो, तेव्हा काय काय नव्याने शिकायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. माझी उदाहरणं जुन्या ३४६ सीसी बुलेटची आणि ३७३ सीसी ड्यूकची आहेत, कारण त्या दोन मला ओळखीच्या. तुमची जोडी वेगळी असेल, पण पद्धत तीच लागू पडेल. उलट दिशेने, म्हणजे ड्यूकवरून बुलेटवर येणाऱ्यांसाठीही शेवटाकडे लिहिलं आहे.

पहिली पायरी: सीसी सोडा, स्ट्रोक बघा

आपल्याकडे गाडी विचारताना पहिला प्रश्न सीसीचा आणि दुसरा मायलेजचा. चालवायच्या दृष्टीने दोन्ही दुय्यम. गाडीच्या पुस्तकात बोअर आणि स्ट्रोक असे दोन आकडे असतात. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव. माझ्या क्लासिकचा बोअर ७० मि.मी. आणि स्ट्रोक ९० मि.मी. भाच्याच्या ड्यूकचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. सीसीत फरक जेमतेम २७, पण घडण पार उलटी. एकीचा सिलिंडर उभ्या लोट्यासारखा, दुसरीचा पसरट पातेल्यासारखा.

आता तिसरा आकडा बघा: जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळायचा जोर, किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो. क्लासिकला २८ न्यूटन मीटर मिळतो ४००० ला. ड्यूकला ३५ मिळतो, पण ७००० च्या आसपास. ताकदीचंही तसंच. क्लासिकची वीसेक हॉर्सपॉवर ५२५० ला पूर्ण होते, ड्यूकची त्रेचाळीसच्या पुढे जाते पण त्यासाठी ९००० पर्यंत जावं लागतं. म्हणजे बुलेट जिथे दम संपला म्हणते, तिथे ड्यूक नुकती जागी झालेली असते.

इथे नवख्याला एक भीती वाटते, मलाही वाटली. सात-आठ हजार म्हणजे इंजिन फुटेल की काय! बुलेटवर नऊ वर्षं घालवलेल्या कानाला ड्यूकचा ६००० चा आवाजसुद्धा किंचाळी वाटतो आणि पाय आपोआप वरचा गिअर टाकायला जातो. ही भीती घालवायला एक सोपं गणित आहे. इंजिनाच्या एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली जातो, एकदा वर येतो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर. बुलेटचं अंतर १८० मि.मी., ड्यूकचं १२० मि.मी. बुलेट ५२५० ला फिरते तेव्हा तिचा पिस्टन सेकंदाला सरासरी पावणेसोळा मीटर धावतो. तितकंच धावायला ड्यूकच्या पिस्टनला ७८७५ आरपीएम लागतात. बरोबर दीडपट.

हे दीडपट मी त्या दिवसापासून डोक्यात ठेवलं. बुलेटवर ३००० ला जसं आरामात वाटतं, तसं आरामात ड्यूकला ४५०० ला वाटतं. बुलेटचे ४००० म्हणजे ड्यूकचे ६०००. आवाज वाढतो, पण पिस्टनचा वेग तोच असतो. अर्थात इंजिनावरचा ताण एकट्या पिस्टनच्या वेगाने ठरत नाही, पण कानाची समजूत घालायला हा हिशेब पुरेसा आहे.

तुमच्या दोन गाड्यांचा हिशेब तुम्ही स्वतः करा. जुन्या गाडीच्या स्ट्रोकला नव्या गाडीच्या स्ट्रोकने भागा, झालं. नव्या क्लासिकचा स्ट्रोक ८५.८ आणि नव्या ३९९ सीसी ड्यूकचा ६४, म्हणजे त्या जोडीत दीडऐवजी १.३४ येतं.

दुसरी पायरी: उभ्या गाडीवर पंधरा मिनिटं

मेन स्टँड असेल तर त्यावर, नसेल तर साइड स्टँड काढून दोन्ही पाय टेकवून बसा. इंजिन बंद.

आधी गिअर. आपल्याकडच्या काही कम्युटर गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात. क्लासिक आणि ड्यूक दोन्हींत पहिला खाली, बाकीचे वर. सगळे गिअर पुढे दाबणाऱ्या गाडीवर वर्षं काढलेल्या माणसाने घाईत चौथा समजून दाबलं तर पडतो दुसरा, आणि मागचं चाक किंचाळतं. शिवाय बुलेटला पुढे-मागे दोन पायपट्ट्या असतात, टाचेने दाबून गिअर वर जातो. ड्यूकला टाचेची पट्टी नाही. बुटाच्या वरच्या भागाने दांडी उचलावी लागते. माझी टाच पहिले दोन आठवडे हवेत काहीतरी शोधत होती. हे बसल्या जागी, इंजिन बंद ठेवून, पन्नास वेळा करा. लोक हसतील, हसू द्या.

मग क्लच. इंजिन चालू करा, पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी हळू सोडत गाडी पुढे सरकायला कुठे लागते ती जागा शोधा. काही गाड्यांत ती पकड लिव्हरच्या सुरुवातीलाच येते, काहींत पार शेवटी. ती सापडली की पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. चाक एक वीतभर हललं की थांबायचं.

आणि रेस. बुलेटची रेस थोडी ढिली असते, मनगट जरा वळलं तरी इंजिन मनावर घेत नाही. ड्यूकच्या नव्या मॉडेलांत केबलच नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. मनगट जेवढं हलेल तेवढं लगेच चाकापर्यंत पोचतं. खड्ड्यात हात हलला की गाडीही हलते. यावर उपाय एकच: मूठ घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, आणि अंगठा नि तर्जनीचा बाजूचा भाग मुठीशेजारच्या स्विचच्या डबीला टेकवून ठेवा. हाताला टेकू मिळाला की रेस थरथरत नाही.

तिसरी पायरी: सुटायचं कसं

बुलेटच्या क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. ते एकदा फिरायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही, म्हणून रेस न देता नुसता क्लच सोडला तरी गाडी डुलत डुलत निघते. सिग्नलला ही चैन अंगवळणी पडते. ड्यूकचं फ्लायव्हील हलकं आहे. शिवाय तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, जवळजवळ १३ पट, माझ्या बुलेटचं साडेआठ. आयडलवर, म्हणजे रेस न देता, क्लच सोडला की इंजिनाला पुढचं कॉम्प्रेशन ओलांडायला पुरेशी साठवण नसते आणि ते गप्पकन बंद पडतं. चांदणी चौकात माझं तेच झालं होतं.

सवय अशी लावा: आधी रेस देऊन २५०० ते ३००० च्या दरम्यान काटा स्थिर करा, तिथेच धरून ठेवा, मग क्लच पकडीच्या जागेपर्यंत आणा, गाडी चालू लागली की उरलेला सोडा. रेस आणि क्लच एकदम हलवू नका. मोकळ्या मैदानात सकाळी सातच्या आत वीस वेळा सुटा आणि थांबा. मग तेच किंचित चढावर, मागचा ब्रेक दाबून.

कुणी सांगेल की असं हाफ क्लचवर चालवलं की क्लच प्लेट जळतात. या दोन्ही गाड्यांचे क्लच तेलात बुडालेले आहेत, सुटताना दोन-तीन सेकंद घसरल्याने त्यांना काही होत नाही. जळतात ते घाटात आणि ट्रॅफिकमध्ये लिव्हरवर दोन बोटं कायम ठेवून चालवणाऱ्यांचे.

चौथी पायरी: वरचा गिअर कधी आणि किती वेगाने

सगळ्यात जास्त वेळ मला इथे लागला.

"कधी" हे आपण बहुतेक जण वेगाच्या आकड्यावरून ठरवतो. वीसला दुसरा, तीसला तिसरा, चाळीसला चौथा. स्प्लेंडरवर, बुलेटवर हे चालून जातं. बुलेट चौथ्यात चाळीसला धक-धक करत सुखाने चालते. ड्यूकवर मी चाळीसला चौथा टाकायचो आणि साखळी स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, फटके मारायला लागायची. चार स्ट्रोकचं एक सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच ठोका देतं. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत गाडी ढकलायचं काम फ्लायव्हीलचं. जड असेल तर ती जागा भरून निघते, हलकं असेल तर गाडी प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे हिसडते. तो हिसका साखळीत जातो, तिथून स्प्रॉकेटच्या दातेरी चाकात, तिथून आपल्या मणक्यात.

माझा ड्यूकवरचा अंदाज असा बसला: चाळीसच्या आसपास दुसरा किंवा तिसरा, साठला तिसरा-चौथा, आणि सहावा ऐंशीच्या पुढेच. हे आकडे पाठ करू नका, काटा बघा. गाडी नुसती वाहत असेल तेव्हा ४००० च्या खाली उतरू द्यायची नाही, जोर काढायचा असेल तेव्हा ६००० च्या वर ठेवायची. इंजिन गार असताना मात्र हा नियम नाही. स्क्रीनवर कूलंटच्या तापमानाच्या रेघा वर येईपर्यंत पाच हजारांच्या आत राहा.

"किती वेगाने" हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यात प्रत्येक गिअरला एक छोटासा धक्का बसायचा आणि मी क्लचला दोष देत होतो. खरी गोष्ट ही की क्लच दाबला, रेस सोडली की इंजिनाचा वेग पडायला लागतो. वरच्या गिअरला जुळणारा वेग जरा कमीच असतो, म्हणजे तो थोडा पडायलाच हवा. बुलेटचं जड फ्लायव्हील सावकाश मंदावतं, म्हणून बुलेटवर गिअर टाकताना एक श्वास थांबावं लागतं. घाई केली तर धक्का बसतो. ड्यूकमध्ये वेग दगडासारखा खाली पडतो. बुलेटच्या सवयीने मी एक श्वास थांबलो की तो हव्या त्या जागेच्या पार खाली गेलेला असायचा, आणि क्लच सोडताच इंजिन गाडीला मागे खेचायचं. ड्यूकवर रेस अर्धवटच मिटवायची, क्लच पूर्ण न दाबता पाव-अर्धा दाबायचा, पायाने टुक्कन उचलायचं आणि सोडायचं. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

सरावाची युक्ती: मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्याच्या मधे पन्नास-साठच्या वेगाने पुढे-मागे करत राहा. पाठीमागे बायको किंवा मित्राला बसवा. त्यांचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आदळायचं बंद झालं की समजा जमलं. माझ्या घरून याबाबत स्पष्ट अभिप्राय मिळत असे.

पाचवी पायरी: घाट चढताना

पुण्याहून सरावाला ताम्हिणी चांगला. पहाटे निघालात तर गर्दी नसते आणि मुळशीपर्यंत हात गरम होतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र शिकायला जाऊ नका, तिथे धबधब्यापेक्षा माणसं जास्त असतात.

चढावर बुलेटवाल्याची सवय म्हणजे तिसऱ्यात गाडी सोडून द्यायची आणि रेस थोडी वाढवायची. वेग कमी झाला तरी इंजिन गुरगुरत ओढत राहतं. ड्यूकवर हेच केलं की आवाज जाड होतो, गाडी थरथरते, रेस वाढवली तरी पुढे जात नाही. मनात येतं, एवढ्या ताकदीची गाडी आणि एवढा चढ ओढत नाही? ताकद आहे, पण ती सात हजारांच्या खोलीत आहे आणि आपण तीन हजारांच्या दारात उभे आहोत. दोन गिअर खाली टाका.

कमी आरपीएमला रेस पूर्ण उघडून इंजिन दाबत ठेवणं कुठल्याच गाडीला बरं नाही. पिस्टनवर दाब प्रचंड, फेरे कमी, बेअरिंगवर सगळा भार, आणि जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून टिकटिक असा नॉकिंगचा आवाज. "हळू चालवतोय म्हणजे गाडी जपतोय" हा समज इथे खोटा ठरतो. ड्यूकला ५५०० ला तिसऱ्यात चढवणं तिच्या तब्येतीला २८०० ला पाचव्यात चढवण्यापेक्षा कितीतरी मानवतं.

ओव्हरटेक करतानाही हेच. एसटीच्या मागे अडकलात तर बाहेर डोकावण्याआधी गिअर खाली टाकून तयार राहा. बुलेटवर आहे त्या गिअरात कान पिळला तरी ती आपल्या गतीने निघते. ड्यूकवर वरच्या गिअरात पिळलं तर पहिले दोन सेकंद काहीच होत नाही, आणि मग सहा हजार ओलांडताच सगळं एकदम होतं. समोरून डंपर येत असताना या दोन्ही गोष्टी वाईट. म्हणून क्रम असा: अंतर ठेवा, गिअर खाली, रस्ता मोकळा दिसला की रेस. आधी रेस मग गिअर हा क्रम नको.

सहावी पायरी: उतरताना

माझे एक काका येझदी चालवायचे. घाट उतरताना ते क्लच दाबून गाडी सोडून द्यायचे आणि मधेच एकदा रेस मारायचे. आम्हा पोरांना ती ऐट वाटायची. त्यामागे कारण होतं. ती जुनी येझदी टू-स्ट्रोक, तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. रेस बंद करून लांब उतार उतरलं की पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि वेगाने फिरणारा पिस्टन कोरडा पडतो. शिवाय टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक, म्हणजे रेस मिटवल्यावर इंजिनाने गाडीला मागे धरणं, जवळजवळ नसतोच. त्या पिढीची ही सवय आमच्या पिढीत उतरली, आणि काका गेले, येझदी गेली तरी लोक फोर-स्ट्रोक गाड्या न्यूट्रलवर उतरवतात. सांगतात, पेट्रोल वाचतं.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ते वाचतही नाही. गिअरमध्ये ठेवून रेस मिटवली की चाकंच इंजिन फिरवत असतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी पेट्रोल जात राहतं. आणि मुख्य म्हणजे सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, वळणावर गाडी मोकाट असते.

तर गाडी गिअरमध्येच. कुठल्या? बुलेट तिसऱ्यात चाळीसने छान धरून उतरते. ड्यूक त्याच वेगाला चौथ्यात ठेवली तर धरतच नाही, कारण इंजिनाची पकड आरपीएमबरोबर वाढते. दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात, ४५०० ते ५५०० च्या दरम्यान ठेवा, मग रेस जरा मिटवली की वेग उतरतो, जरा उघडली की सुटतो. ब्रेक फक्त वळणाआधी.

खालचा गिअर टाकताना इथेच घसरायला होतं. खालच्या गिअरला इंजिन जोरात फिरलेलं लागतं. ते मंद असताना क्लच झटकन सोडला तर त्याला वेग द्यायचं काम मागच्या चाकाला करावं लागतं, आणि ओल्या रस्त्यावर चाक ते काम नाकारतं. ताम्हिणीच्या उतारावर नुकतीच भुरभुर होऊन गेली होती. मी चौथ्यातून सरळ दुसऱ्यात आलो आणि बुलेटच्या सवयीने क्लच सोडून दिला. मागचं चाक हातभर डावीकडे गेलं, परत आलं. पडलो नाही, पण पुढच्या टपरीवर चहाचा कप धरताना हात हलत होता.

बरोबर पद्धत: पुढचा ब्रेक दोन बोटांनी चालू ठेवा, क्लच दाबा, उरलेल्या तळव्याने रेस एकदा टुणकन उडवा, त्याच क्षणी गिअर खाली, क्लच सोडा. हे एका दमात जमायला मला तीन महिने लागले. तोवर सोपा मार्ग वापरा: एका वेळी एकच गिअर, आणि क्लच मोजून सोडायचा, मनात "एक-दोन" म्हणेपर्यंत. नंतरच्या ड्यूकला स्लिपर क्लच आहे, तो हा धक्का बराचसा पोटात घेतो. त्याच्या भरवशावर आळशी होऊ नका, कारण पुढची गाडी बिनस्लिपरची असू शकते.

गावातलं ट्रॅफिक

ड्यूकला ट्रॅफिक आवडत नाही, हे मान्य करून टाका. पंखा चालू होतो, गरम हवा पायांवर येते. पंखा चालू झाला म्हणजे बिघाड नाही, तो त्याचं काम करतोय. हिंजवडीच्या रांगेत बुलेट दुसऱ्यात नुसत्या क्लचवर सरकते. ड्यूकला पहिल्यातच राहावं लागतं, रेस स्थिर, वेग मागच्या ब्रेकने कमी-जास्त. रेस बंद-चालू करत राहिलात तर मान दुखेल. यू-टर्न घेतानाही रेस ३००० ला धरून, क्लच पकडीच्या जागी, मागचा ब्रेक किंचित. लांब सिग्नलला न्यूट्रल करा.

उलटा प्रवास: ड्यूकवरून बुलेटवर

भाचा सुट्टीत आला तेव्हा मी त्याला माझी गाडी दिली. तो प्रत्येक गिअर फुटेस्तोवर ओढत होता आणि "मामा, तुझी गाडी पळतच नाही" म्हणत होता. क्लासिकला आरपीएमचा काटाच नाही, त्यामुळे त्याला आधार कशाचाच नव्हता. अशा वेळी पायपट्टीचं ऐका. पावलांना मुंग्या येण्याइतकी थरथर सुरू झाली की गिअर टाकायला उशीर झाला. प्रत्येक ठोका वेगळा मोजता येण्याइतका मंद झाला आणि गाडी उचकी देऊ लागली की खालचा गिअर हवा. या दोहोंच्या मधली जागा मोठी आणि ऐसपैस आहे, तिथेच राहायचं.

गिअर सावकाश. तो एक श्वास पुन्हा शिकायचा. आणि ब्रेक लवकर: वजन जवळपास तीस किलोने जास्त आहे, त्यामुळे ड्यूकवर ज्या खांबाजवळ ब्रेक दाबत होतात, त्याच्या आधीच्या खांबाजवळ दाबायचा. ऐंशीच्या पुढे बुलेट पिदडण्यात काही मिळत नाही. तिला सत्तरला सोडा आणि आजूबाजूची शेतं बघा.

दोन सिलिंडरच्या, म्हणजे इंटरसेप्टर ६५० सारख्या गाडीवर जात असाल तर मात्र बराच त्रास वाचतो. ६४८ सीसी दोघांत वाटलेले, दोन फेऱ्यांत दोन ठोके, त्यामुळे खालीही ओढते आणि वरही. तिथे शिकायचं ते एवढंच की काहीही न जाणवता वेग शंभरच्या पुढे जातो. पहिला महिना स्पीडोमीटर वरचेवर बघायची सवय ठेवा.

पहिला महिना कसा घालवायचा

पहिले दोन-तीन दिवस मैदान आणि कॉलनीतले रस्ते, एकट्याने. मग आठवडाभर ओळखीचा रस्ता, म्हणजे ऑफिस किंवा मंडई. रस्ता ओळखीचा असला की लक्ष इंजिनाकडे राहतं. त्यानंतर सुका घाट, दिवसा, आधी एकटं आणि मग मागे माणूस बसवून. मागे माणूस असला की ड्यूकला चढावर आणखी एक गिअर खाली लागतो. पाऊस आणि रात्र शेवटी. नवी कोरी गाडी असेल तर पहिल्या सर्व्हिसपर्यंत पुस्तकातली आरपीएमची मर्यादा पाळा, माझे सहा-सात हजारांचे आकडे त्यानंतरचे.

महिन्यातून दोनदा साखळीचा ताण तपासा. खालच्या आरपीएमला दाबून चालवलं असेल तर ती लवकर ढिली पडते, आणि ढिली साखळी ते झटके आणखी वाढवते.

घरात दोन्ही गाड्या असतील तर एक गोष्ट विसरू नका. ड्यूकवर महिनाभर राहून बुलेटवर बसलात की पहिली दहा मिनिटं तुम्ही पुन्हा नवखे. मी आजही बुलेट काढली की सोसायटीच्या गेटपर्यंत दोनदा डावा बूट दांडीखाली घालून उचलायला जातो, टाचेची पट्टी तिथेच असते. वॉचमन बघतो, काही बोलत नाही.